कॅलेंडरवरचा बाप्पा

राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत चित्रं सामान्यांच्या आवाक्यात आली. पुढे करी रोड, लालबागच्या गिरणी कामगारांच्या चाळींतल्या भिंतींवरही ती दिसू लागली. १९७३पासून त्यांच्या शेजारी ‘कालनिर्णय’ कॅलेंडर आलं. पुस्तकं बेताची असलेल्या घरातही कडेवरच्या बाळाला भिंतीपाशी नेऊन आजी सांगायची, ‘बाप्पाला जेजे कर!’ चित्र वाचायचा हा पहिला पाठ, आणि पुरेसा सकस.

चित्र ओळखायला मुळात शिकवावं लागतं का? १९६२मध्ये हॉचबर्ग आणि ब्रुक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका मुलाला जवळपास १९ महिन्यांपर्यंत चित्रांपासून दूर ठेवलं. नंतर चित्रं समोर धरताच त्याने त्यातल्या वस्तूंची नावं सांगितली.

ओळखणं सोपं, ते नुसतं चित्र आहे, हे उमगणं अवघड. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी १९९८मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांपुढे चित्रांचं पुस्तक ठेवलं. बाळं कागदावरची वस्तू चोळत होती, नखांनी खरवडत होती, उचलून घेऊ पाहत होती. चित्र जितकं हुबेहूब, तितकी झटापट जास्त. आयव्हरी कोस्टमधल्या, चित्रांची फारशी सवय नसलेल्या बाळांनीही तेच केलं. दीड वर्षाच्या पुढे मात्र ओरबाडणं थांबून बोट दाखवणं सुरू होतं. तरी खेळणं कुठे लपवलंय ते खोलीच्या चित्रावर दाखवलं, तर दोन वर्षांची मुलं खोलीत गोंधळतात. अडीच वर्षांची बरोबर शोधतात.

ही उडी सगळीकडे एकाच वयात पडत नाही. तारा कॅलहन आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये कॅनडा, पेरू आणि भारतातल्या मुलांची तुलना मांडली. चित्रं विरळ असलेल्या पेरू-भारतातल्या खेड्यांत ही समज उशिरा आली. चित्रं डोळ्यांसमोर असणं आणि कुणीतरी ती दाखवणं, दोन्ही लागतं. आजीचा ‘जेजे’ म्हणूनच मोलाचा.

करी रोडहून जवळच, दादरला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९३६मध्ये शिशुविहार सुरू केला. तिथल्या मॉन्टेसरी विचारात मात्र क्रम वेगळा: खरी वस्तू आधी हाताळायची, चित्र मागाहून.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेत आणि बाळाच्या हाती मोबाइल आलाय. २०१४च्या एका अमेरिकी प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून नवे शब्द शिकली. आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या माणसाकडून शिकली नाहीत. कोकणातून कॉलवर ‘हा बघ बाप्पा’ म्हणत नातवाला थांबून उत्तर देऊ देणारी आजी त्या पहिल्या गटातली.