अवरेकाई : बेंगळुरूच्या स्वयंपाकघराचे शेताशी नाते

डिसेंबर-जानेवारीत बेंगळुरूच्या बाजारांत हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. जाणकार गृहिणी शेंग उचलून आधी नाकाशी नेते. बोटांना किंचित तेलकटपणा जाणवला आणि उग्र सुवास आला, तरच खरेदी होते. ही अवरेकाई, म्हणजे आपल्याकडील वाल-पावटा ज्या लॅबलॅब पर्प्युरियस या प्रजातीत मोडतात, तेच पीक. या सुवासाला कन्नडमध्ये ‘सोगडु’ म्हणतात.

घरी सोललेले दाणे काही तास पाण्यात भिजवतात आणि चिमटीत दाबून त्यांची साल काढतात. हे ‘हितकिद बेळे’, म्हणजे दाबून काढलेली डाळ. कोकणात मोड आलेले वाल सोलून बिरडे करतात, त्याच जातीचे हे चिकाटीचे काम. हितकिद बेळ्याचे सारू रागी मुद्देबरोबर वाढतात. उपीट आणि अक्की रोट्टीतही कोवळे दाणे पडतात. उकडलेल्या दाण्यांवरूनच शहराचे नाव पडले, अशी होयसळ राजा दुसरा वीरबल्लाळ याच्याशी जोडलेली आख्यायिका आहे. मात्र बेगूर येथील सुमारे इ.स. 890 च्या शिलालेखात ‘बेंगळुरू’ हे नाव त्याच्या कितीतरी आधीच आढळते.

पारंपरिक वाण प्रकाशसंवेदी आहेत. खरिपात रागीबरोबर पेरलेले हे पीक दिवस लहान झाल्यावरच फुलते. बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने विकसित केलेला हेब्बाळ अवरे-4 हा वाण प्रकाशसंवेदी नसल्याने वर्षभर घेता येतो. तथापि हिवाळी शेंगेचा सुवास त्याला नाही, असे अनेक ग्राहक मानतात.

खरा पेच शेंग भरताना उभा राहतो. ॲडिस्युरा ॲटकिन्सोनी ही अवरेवरील शेंग पोखरणारी अळी, घाटेअळी (हेलिकोव्हर्पा) आणि मारुका या तिघी दाणे फस्त करतात. दाण्यात अळी निघाली की ग्राहक माल नाकारतो. त्या भीतीने शेतकरी तोडणीच्या तोंडावर फवारणी करतो. पृष्ठभागावरील अवशेषांचा मोठा भाग टरफलावर राहतो, परंतु आंतरप्रवाही कीटकनाशक दाण्यापर्यंत पोहोचू शकते. शिवाय टरफले जनावरांना घातली जातात. म्हणजे फवारणीतील चूक ताटात आणि गोठ्यात, दोन्हीकडे पोहोचते.

यावर उपाय वेळेचा आहे. कळी अवस्थेपासून आठवड्यातून दोनदा पाहणी करावी. कामगंध सापळे व पक्षिथांबे लावावेत. अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू सायंकाळी फवारावा; त्यासाठी आधी अळी ओळखावी. रासायनिक कीटकनाशक अपरिहार्य ठरल्यास पिकासाठी शिफारस असलेलेच वापरावे आणि लेबलवरील प्रतीक्षा कालावधी संपल्याशिवाय तोडणी करू नये. शेंगा टप्प्याटप्प्याने पक्व होतात. त्यामुळे फवारणीपूर्वी तयार शेंगा तोडून घेणे श्रेयस्कर.

विस्तार कार्यकर्त्यांनी ही बाब ग्राहकांपर्यंतही न्यावी. एखाददुसरी किडकी शेंग निवडून टाकण्याची जुनी सवय गृहिणीला आहेच. ती टिकली, तर निष्कलंक शेंगेच्या हट्टापायी होणारी शेवटची फवारणी टळू शकेल आणि सुवासाची शेंग निर्धोकपणे ताटात येईल.