स्वस्त जेवणाचं गणित

मुलांनो, आपली मुंबई मुळात सात बेटांची. परळ हे त्यातलंच एक. पुढे बेटं जोडली गेली, कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि परळ-लालबागचं झालं गिरणगाव! कोकणातून, घाटावरून माणसं कामाला आली. बायका-मुलं गावी आणि इथं एका खोलीत दहा-बारा जण. मग रोज जेवायचं कुठं? हॉटेल परवडेना.

उत्तर होतं खाणावळ. म्हणजे चाळीतल्याच एखाद्या मावशींचं घर! दोन वेळ पोटभर जेवा आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्या.

आता एक गणित सोडवा बरं. पैसे मिळणार महिनाअखेरीस. मग आजचे डाळ-तांदूळ आणायचे कशानं? मावशी वाण्याकडे उधारी करत, सावकाराकडून व्याजानं पैसे घेत. पहाटेपासून चुलीपुढे राबूनही हाती उरायचं थोडंच. तारण ठेवायला काही नाही, म्हणून बँकेचं कर्जही मिळेना.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ सुरू केलं. गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं दार उघडलं! १९८२च्या संपात गिरण्यांचे पगार थांबले, तेव्हा खाणावळींवरही संकट आलं. ताट आणि पगार असे बांधलेले होते. २००२ साली प्रेमाताईंना ‘पद्मश्री’ मिळाली.

दादरला किंवा गिरगावात स्वस्तात पोळी-भाजी खाल, तेव्हा एवढं जरूर विचारा : ती लाटणाऱ्या हातांना काय मिळतं?