टेहळणीचं प्रशिक्षण: नळदुर्गच्या पुलावरून समजून घेऊ

पेट झाली, आता विषय कोणता घ्यायचा, या टप्प्यावर सैन्यशास्त्राचे बरेच विद्यार्थी ‘टेहळणी’ किंवा ‘कमांडो प्रशिक्षण’ पुढे करतात. विषय चांगला आहे. पण टेहळणी म्हटलं की डोळ्यांपुढे सिनेमा येतो: काळे फासलेले चेहरे, अंधार, चाकू. खरं काम त्याहून साधं आणि त्याहून अवघड. न दिसता बघून यायचं आणि बघितलं तेवढंच सांगायचं.

नांदेड-लातूरवाल्यांना जवळचं उदाहरण घेऊ. 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानावर कारवाई सुरू झाली. सोलापूरकडून निघालेल्या मुख्य फौजेच्या वाटेत नळदुर्ग होतं. तिथला बोरी नदीवरचा पूल उडाला असता तर ऐन पावसाळ्यात रणगाडे आणि ट्रक अलीकडच्या काठावर अडकले असते. पूल शाबूत हाती आला. 17 तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन.

आता असा कुठलाही पूल समोर आहे असं समजा. मुख्य फौजेआधी तिघं-चौघं जाणार. त्यांनी काय आणायचं? पुलाखाली सुरुंग लावलेत का, कुठे वायर किंवा ताजी उकरलेली माती दिसते का. पहारेकरी किती, बदलतात कधी. पूल गेलाच तर उतार कुठे आहे, काठ किती खडा आहे. काळ्या मातीत पावसानंतर चाक कसं रुततं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पण तिकडच्या अधिकाऱ्याला ते अहवालातूनच कळणार. आणि गोळी झाडावी लागली तर काम फसलं असंच धरतात, कारण शत्रू सावध झाला. लढायला जाणारी गस्त वेगळी, बघायला जाणारी वेगळी. प्रबंधात या दोन्हींची सरमिसळ करू नका.

भारतीय पायदळाच्या बटालियनमध्ये साधारण 20 जणांची घातक प्लाटून असते आणि कमांडो प्रशिक्षणाचं मोठं केंद्र बेळगावला आहे. पण या प्रशिक्षणाचा पाया एनसीसी केलेल्यांना ओळखीचा वाटेल. वस्तू का दिसते? आकार, सावली, छायाकृती, पृष्ठभाग, हालचाल यांमुळे. अंतर का चुकतं? सूर्य पाठीमागे असला किंवा मधली दरी नजरेआड असली की वस्तू जवळ भासते. पालथं पडून बघितलं की लांब. किम्स गेममध्ये कापडावरच्या वस्तू मिनिटभर दाखवून झाकतात आणि यादी लिहायला लावतात. पोरांना तो खेळ वाटतो, पण खरी कसोटी अहवालाची तिथेच सुरू होते.

कारण ‘पुलाजवळ 30 सैनिक आहेत’ हा वाईट अहवाल. ‘4.40 ते 5.10 या वेळात 6 जण दिसले, धूर तीन ठिकाणी, अंदाजे एक प्लाटून’ हा चांगला. दिसलेलं वेगळं, अंदाज वेगळा. दोन्ही एकत्र झाले की चुकीच्या आकड्यावर माणसं पाठवली जातात.

संशोधनात नेमकी हीच गल्लत होते. ‘पूल शाबूत मिळाला, म्हणजे टेहळणी उत्तम होती’ असं वाक्य लिहायचा मोह होईल. ते सिद्ध होत नाही. त्या लढाईच्या वर्णनांत श्रेय वेगाला आणि अचानकपणाला दिलेलं आहे. विजय हा टेहळणीचा पुरावा नाही.

मग मोजायचं काय? सैन्याचे प्रशिक्षण अहवाल मिळणं जवळपास अशक्य, त्यामुळे त्यावर प्रबंध बेतू नका. मला विचाराल तर कॉलेजातल्या एनसीसी कॅडेट्सची अंतर ओळखण्याची अचूकता घ्या. अगदी छोटा विषय, पण पूर्ण होणारा. कमांडिंग ऑफिसरची लेखी परवानगी आधी. टेपने खरं अंतर मोजा, कॅडेटचा अंदाज लिहून घ्या, चूक टक्क्यांत काढा. उभं राहून आणि पालथं पडून, मोकळ्या रानात आणि ज्वारीच्या कडेला, असे वेगवेगळे आकडे घ्या. प्रशिक्षण न मिळालेला एक गट तुलनेला हवाच. आणि आधीच्या व नंतरच्या चाचणीच्या जागा वेगळ्या ठेवा, नाहीतर पोरं अंतर पाठ करून येतात आणि तुम्ही प्रशिक्षणाऐवजी पाठांतर मोजून बसता.