शेजारी गाळे उठले, गाड्या आपल्या दारात: परवानगी कुणी दिली, नकाशा कुठं बघायचा?

रस्त्याकडेच्या गावांत अलीकडं एकच भांडण सारखं कानावर येतं. डांबरी रस्त्याला लागून कुणीतरी पाच-सहा गाळे काढतो, नाहीतर वस्तीजवळच्या रानात मंगल कार्यालय उभं राहतं. बांधकाम चालू असताना कुणी काही बोलत नाही. लग्नसराईतली पहिली दाट तीथ आली की मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात. उसाची ट्रॉली अडकते, शाळेची गाडी वळत नाही, दवाखान्यात न्यायचं माणूस घरातच थांबतं. मग बाचाबाची, शिवीगाळ आणि शेवटी पोलीस ठाणे. ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर मिळतं, "त्यांच्याकडं परवानगी आहे." कोणती परवानगी, किती जागेची, गाड्या कुठं लावायच्या ठरल्या होत्या, हे कुणी दाखवत नाही.

खरं तर हे सगळं कागदावर असतं. जागा कोणत्या झोनमध्ये आहे, बांधकामाला परवानगी कुणी दिली आणि मंजूर नकाशात पार्किंग कुठं दाखवलंय, या तीन गोष्टी कळल्या की निम्मं भांडण तिथंच मिटतं. कधी बांधणारा बरोबर निघतो, कधी तक्रार करणारा. पण कागद बघितल्याशिवाय काठी काढण्यात अर्थ नाही.

आधी जागा कुणाच्या हद्दीत ते ठरवा

बांधकाम परवानगी सगळीकडं एकच कार्यालय देत नाही. इथंच पहिला घोटाळा होतो. लोक तलाठ्याकडं जातात, तलाठी ग्रामपंचायतीकडं पाठवतो, ग्रामपंचायत म्हणते तहसीलला जा.

साधारण विभागणी अशी आहे. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. जागा गावठाणाबाहेर, गटात असेल तर विषय महसूल खात्याकडं, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडं जातो आणि त्यात नगररचना कार्यालयाचा अभिप्राय लागतो. गाव नगरपंचायत झालं असेल तर मुख्याधिकारी. पुणे-नागपूरच्या आसपासची काही गावं महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात गेलीत, तिथं प्राधिकरण. राज्यमार्ग किंवा जिल्हामार्गाला लागून बांधकाम असेल तर रस्त्यापासून किती अंतर सोडायचं याची अट वेगळी असते, ती बांधकाम विभागाकडं विचारावी लागते.

पिवळा पट्टा, हिरवा पट्टा

गावाकडं 'येलो झोन' आणि 'ग्रीन झोन' हे शब्द आता सगळ्यांना माहीत झालेत. जमीन विकणारा दलाल ते आधी सांगतो. प्रादेशिक योजनेच्या किंवा विकास आराखड्याच्या नकाशात प्रत्येक गटाला वापर ठरवून दिलेला असतो. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. हिरव्या पट्ट्यात काहीच बांधता येत नाही असं नाही. शेतघर आणि शेतीला जोडून असलेले काही वापर चालतात, बाकीच्या काही वापरांना अटी आहेत. म्हणून 'ग्रीन झोन आहे, पाडा' असं लगेच म्हणून चालत नाही. त्या वापराला नियमावलीत जागा आहे का आणि तिच्या अटी पाळल्यात का, हे बघावं लागतं.

आपल्या किंवा शेजारच्या गटाचा झोन कळण्यासाठी नगररचना विभागाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. अर्जासोबत सातबारा आणि गटाचा मोजणी नकाशा जोडावा. तोंडी सांगितलेल्या झोनवर विश्वास ठेवू नका. एकाच गटाचा निम्मा भाग पिवळ्यात आणि निम्मा हिरव्यात असू शकतो.

'परवानगी आहे' म्हणजे नेमकं काय?

परवानगी म्हणून जे कागद पुढं केले जातात, त्यातले बरेच परवानगी नसतातच.

नमुना ८ चा उतारा ही घरपट्टीची नोंद आहे. ग्रामपंचायत कर घेते म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला किंवा मासिक सभेचा ठराव गावठाणाबाहेरच्या गटात बांधकाम परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

एनए म्हणजे जमिनीचा वापर बिगरशेती झाला, एवढंच. महसूल संहितेच्या कलम ४२ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला, आराखड्यात तो वापर बसत असेल तर, कर भरून एनएची सोय आहे. पण सनद मिळाली तरी इमारतीचा नकाशा वेगळा मंजूर करून घ्यावा लागतो.

खरी परवानगी म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि त्यासोबत शिक्का मारलेला मंजूर नकाशा. या दाखल्याची मुदत एक वर्ष असते. ती वर्षावर्षानं वाढवून घेता येते, पण एकूण चार वर्षांपर्यंतच. काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं असतं.

छोट्या घरांसाठी सवलत आहे, हेही लक्षात ठेवा. २ डिसेंबर २०२० ला राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीड गुंठ्याच्या भूखंडावर तज्ज्ञाच्या दाखल्यासह कागद सादर करून, शुल्क भरून काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला १० दिवसांत परवानगी द्यायची आहे. त्यामुळं शेजाऱ्यानं दीड गुंठ्यात घर बांधायला घेतलं आणि त्याच्याकडं मोठी फाईल नसली, तर तो चोरून बांधतोय असं धरू नका. मंगल कार्यालय किंवा गाळ्यांची रांग ही गोष्ट वेगळी.

पार्किंग नकाशात असतं, जागेवर नसतं

एकत्रित नियमावलीत इमारतीच्या वापराप्रमाणं आणि क्षेत्राप्रमाणं किती चारचाकी, किती दुचाकी लावायची सोय हवी हे ठरलेलं आहे. एका चारचाकीला अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर जागा धरतात.

हा हिशेब आपणही करू शकतो. एका चारचाकीला साडेबारा चौरस मीटर लागतात. एका गुंठ्यात, वळायला वाट न सोडता, आठच गाड्या बसतात. शंभर गाड्या नुसत्या उभ्या करायला साडेबारा गुंठे लागतील, आत-बाहेर करायला वाट वेगळी. आता तुमच्या भागातल्या एखाद्या कार्यालयाचं आवार डोळ्यापुढं आणा. आवारात बसणार नाहीत त्या गाड्या कुठं जाणार? रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या बांधावर.

दुसरी गोष्ट. पार्किंगची जागा चटईक्षेत्रात, म्हणजे एफएसआयमध्ये मोजली जात नाही. त्यामुळं नकाशात तळमजला पार्किंग दाखवायचा, मंजुरी घ्यायची आणि नंतर तिथंच शटर लावून गाळे भाड्यानं द्यायचे, हा प्रकार तालुक्याच्या गावांत बराच दिसतो. मंजूर नकाशात पार्किंग असलेली जागा दुसऱ्या कामाला वापरणं हे अनधिकृतच आहे. इमारत जुनी झाली किंवा गाळ्याची घरपट्टी भरली म्हणून ते नियमित होत नाही. अनधिकृत बांधकाम नुसता काळ लोटला म्हणून कायदेशीर ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय.

तालुक्याला फ्लॅट घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. इमारतीखालचं मोकळं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल मुंबईतल्याच एका सोसायटीच्या प्रकरणातला आहे.

झोन बदलतो तेव्हा नोटीस निघते, ती कुणी वाचत नाही

"रातोरात झोन बदलला" असं लोक म्हणतात. कायद्यात तसं नाही. नगरपंचायतीचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल, समजा वाहनतळासाठी ठेवलेली जागा रहिवासात घ्यायची असेल, तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून एक महिना हरकतींसाठी द्यावा लागतो. हरकत घेणाऱ्याला सुनावणी मिळते.

अडचण अशी की नोटीस राजपत्रात आणि पेपरच्या एका कोपऱ्यात येते. कार्यालयातल्या फलकावर लागते. भाषा अशी की चार वेळा वाचली तरी आपलाच गट आहे हे समजत नाही. महिना निघून जातो आणि जेसीबी आला की गाव जागं होतं.

आरक्षण उठण्याचा आणखी एक मार्ग आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यावर १० वर्षांत जागा संपादित केली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं. त्यात मालकाचा दोष नाही, तो त्याचा हक्क आहे. बाजारतळाचं किंवा वाहनतळाचं आरक्षण गावाला टिकवायचं असेल तर ही मुदत सदस्यांनी आणि आपण मोजत राहायला हवी.

कागद मिळवायचा कसा?

आधी जागेवर जा. मंजूर बांधकामाच्या ठिकाणी फलक लावायचा असतो. त्यावर मालक, वास्तुविशारद, गट नंबर, परवानगीचा क्रमांक आणि तारीख असते. फलकाचा फोटो काढून ठेवा. फलक नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. अर्जात एवढंच लिहा:

"मौजे ..., गट नं. ... मधील बांधकामाबाबत पुढील कागदांच्या प्रती मिळाव्यात. १) बांधकाम परवानगीचा आदेश, २) मंजूर नकाशा, त्यात पार्किंगची जागा व संख्या दिसावी, ३) झोनबाबत नगररचना कार्यालयाचा अभिप्राय, ४) भोगवटा प्रमाणपत्र दिले असल्यास त्याची प्रत. तसेच मूळ फाईल पाहण्याची परवानगी मिळावी."

'का दिली', 'कशी दिली' असे प्रश्न लिहू नका. कागद मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती आहे, त्यांनी नकार दिला' असं उत्तर बऱ्याचदा येतं. समोरच्याचं म्हणणं मागवावं लागतं हे खरं, पण माहिती द्यायची की नाही हे अधिकाऱ्यानं ठरवायचं असतं. समोरच्याच्या नकारावर विषय संपत नाही.

तक्रार कुठं करायची?

गाड्या रस्त्यावर लागून वाट अडत असेल तर ते पोलिसांचं काम. सार्वजनिक वाटेत अडथळा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे गुन्हा आहे. अडथळा कायमचा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडं अर्ज करता येतो.

गावातल्या सार्वजनिक रस्त्यावर किंवा जागेवर बांधकाम आलं असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३. ग्रामपंचायतीनं हालचाल केली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो.

शेताची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडं दावा. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'बघू पुढच्या हंगामाला' म्हटलं की मुदत जाते.

परवानगीशिवाय किंवा नकाशा सोडून बांधकाम असेल तर परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडं लेखी तक्रार करून पोच घ्या. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी पाडापाडी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. समोरच्याला नोटीस मिळणं, म्हणणं मांडायला वेळ मिळणं हा त्याचा हक्क आहे.

आपल्या दारातलंही बघा

तक्रार करताना आपला ओटा, पायऱ्या, गाडी लावायला केलेलं पत्र्याचं शेड रस्त्याच्या जागेत आहे का, ते आधी बघून घ्या. समोरचा तेच काढणार. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका आणि नकाशात रस्त्याची हद्द दिसते. शंका असेल तर भूमी अभिलेखकडं मोजणी टाका. ग्रामपंचायत सदस्यांनी तर जास्तच जपावं. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व जातं, आणि अतिक्रमण कुटुंबातल्या माणसाच्या नावावर आहे ही सबब चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलंय.

शेवटी ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा आपल्याला पाठ आहेत. पुढच्या ग्रामसभेत एक साधा विषय लेखी द्या: गावात वर्षभरात ज्या ज्या बांधकामांना परवानगी मिळाली, त्यांची यादी गट नंबर, तारीख आणि पार्किंगच्या जागेसह फलकावर लावावी आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी. त्याला वेगळा निधी लागत नाही. जोतं भरायच्या आधी ती यादी गावानं वाचली, तर हरकत घ्यायला वेळ राहतो आणि बांधणाऱ्याचंही नुकसान टळतं.