सागवान अस्सल, पण टीपी कुठाय?

चंद्रपूर-गडचिरोलीत सेवा केंद्र, झेरॉक्स-डीटीपीचं दुकान किंवा कर सल्लागाराचं ऑफिस चालवायचं तर विंडोज आणि ऑफिस लागतंच. विंडोज 11 होमची रिटेल किंमतच दहा हजारांच्या वर जाते, आणि मोबाइलवर जाहिरात दिसते: ‘विंडोज 11 प्रो, लाइफटाइम, 499 रुपये.’ पैसे भरले की 25 अक्षरांची प्रॉडक्ट की ईमेलवर येते आणि बहुतेक वेळा ती चालतेही.

‘अ‍ॅक्टिव्ह झाली न जी, मग डुप्लिकेट कशी?’ हा सगळ्यात पक्का गैरसमज. की बहुधा डुप्लिकेट नसतेच. ती मायक्रोसॉफ्टचीच असते, पण दुसऱ्या कुणाला दिलेली: एखाद्या कंपनीला, कॉलेजला किंवा संगणक बनवणाऱ्याला. आपल्या भागात हे सागवानावरून चटकन कळेल. लाकूड आलापल्लीचं अस्सल असलं तरी टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, नसेल, तर नाक्यावर त्या अस्सलपणाचा काही उपयोग होत नाही. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर की ओळखतो. ती विकायचा हक्क विक्रेत्याला होता का, हे तो पाहत नाही.

की कोणत्या जातीची आहे हे घरीच बघता येतं. विंडोजची कळ आणि आर दाबा, उघडलेल्या चौकटीत ‘एसएलएमजीआर’, एक जागा, तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ इंग्रजीत टाइप करा. ‘रिटेल’ दिसलं तर निदान जात बरोबर आहे. ‘ओईएम’ म्हणजे ज्या यंत्रासोबत आली त्याच यंत्राची. लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर तेच दिसायला हवं. पण सुटी विकत घेतलेली की ‘व्हॉल्यूम’ निघाली, तर ती संस्थेची आहे. त्यातल्या ‘केएमएस’ पद्धतीला संस्थेत किमान 25 संगणक लागतात आणि तिचं अ‍ॅक्टिव्हेशन 180 दिवसांचं असतं, ते पुन्हापुन्हा नवं व्हावं लागतं. दोन संगणकांच्या सेवा केंद्रात ती आली कुठून? ‘लाइफटाइम’ची सहा महिन्यांत वासलात लागते ती अशी.

‘लाइफटाइम ऑफिस 365’ हा तर निव्वळ थापेचा माल. 365 ही वर्गणी आहे. ती आयुष्यभराची विकलीच जात नाही. विक्रेता देतो ते बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या नावावर उघडलेलं खातं. त्याचा प्रशासक दुसराच कुणी असतो. तो खातं कधीही बंद करू शकतो, आणि त्या खात्याच्या वनड्राइव्हवर ठेवलेल्या फायलीही उघडू शकतो. ज्यांच्याकडे गावभरच्या लोकांचे आधार आणि उत्पन्नाचे दाखले स्कॅन होतात, त्यांनी इथे 499 रुपयांचा हिशेब करूच नये.

‘मोठ्या साइटवर आहे म्हणजे खरंच असणार’ असंही ऐकू येतं. साइट नुसता बाजार भरवते, माल तिसऱ्याचा असतो. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता साइटवर असायलाच हवा. तो आधी वाचा. बिल मागा. बिलावरचा 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की फर्मचं नाव दिसतं. सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. अर्थात जीएसटी खरा म्हणून लायसन्स खरं ठरत नाही, पण बिलच न देणाऱ्याचं काय ते कळतं.

स्वस्त ते सगळं खोटं, हेही चूक. अँटीव्हायरसचे डबे आपल्या दुकानांतही एमआरपीच्या बरेच खाली मिळतात आणि ते चोख असतात. विद्यार्थ्यांना कंपन्याच सवलत देतात. लिबरऑफिस तर फुकटच आहे, त्यात मराठी मेनूसुद्धा मिळतात. काही जण तेच सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकतात. ते बेकायदा नाही, पण घेणारा मात्र येडा ठरतो. पत्रं आणि साधे तक्ते यापलीकडे काम नसेल, तर माझ्या मते की विकत घ्यायची गरजच नाही. मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच आहे.

फुकट ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ (कीशिवाय विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) मात्र कुणाचाच घेऊ नका. तो चालवायला अँटीव्हायरस बंद करा असं सांगतात, यातच सगळं आलं.

‘घरी पोलिस येतील’ ही भीती विक्रेतेही वापरतात. कॉपीराइट कायदा 1957च्या कलम 63बी मध्ये 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, पण ही शिक्षा अनधिकृत प्रत ‘जाणूनबुजून’ वापरणाऱ्याला. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकतं.

की बंद पडली आणि विक्रेता फोन उचलत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. विक्रेता दिल्लीचा असला तरी 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही.