संगणकाचा पडदा आणि माणसाचे मन

रुग्ण तपासताना आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. दवाखान्यात संगणक आल्यापासून मात्र आपली नजर पडद्यावर खिळू लागली आहे. म्हणूनच तो पडदा कसा असावा, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही; तो आपलाही आहे.

याचे उत्तर बोधात्मक मानसशास्त्र देते. तात्कालिक स्मृतीत एका वेळी सुमारे सातच घटक मावतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले; पुढील संशोधनाने हा आकडा चारच्या आसपास आणला. शिवाय, आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे असते. औषधांची सांकेतिक नावे पाठ करावयास लावणारा पडदा या दोन्ही सत्यांशी वैर धरतो.

या वैराची किंमत रुग्ण मोजतो. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली; त्यांतील काही दगावले. मूळ दोष आज्ञावलीत होता. परंतु पडद्यावर उमटे ते केवळ ‘मालफंक्शन ५४’ असे कोडे. असे संदेश वरचेवर येत. त्यामुळे ‘पुढे चला’ची कळ दाबणे तंत्रज्ञांच्या अंगवळणी पडले होते.

याउलट उदाहरण आपल्याच लिपीचे आहे. मुंबई आयआयटीत प्रा. अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी भ्रमणध्वनीसाठी ‘स्वरचक्र’ हा कळफलक घडविला. त्यात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असून व्यंजनावर बोट टेकताच त्याची बाराखडी भोवती चक्राकार उमलते. शाळेत शिकलेलेच येथे उपयोगी पडते. नवे पाठांतर नको. आपल्या गुलबर्ग्यात तर मराठी बाराखडी आणि कन्नड कागुणित शेजारी नांदतात. दोहोंचा साचा एकच असल्याने ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकावर दोन्ही भाषांचा ‘क’ एकाच कळीवर बसतो.

तेव्हा रुग्णालयासाठी आज्ञावली घेताना केवळ किंमत विचारू नये. आपल्या परिचारिकेला तिच्यासमोर बसवावे, नेहमीचे एक काम सांगावे आणि मुकाट्याने पाहावे. ती कोठे अडखळते? सारख्या नावांच्या औषधांत गोंधळते का? मात्रेचे एकक तिला सहज दिसते का? ती अडखळली, तर दोष तिला न देता पडद्याला द्यावा. लक्षणे पाहून निदान करावयाचे, हे तर आपण जन्मभर करीत आलो आहोत.