वारीची वळकटी किती जड असावी?



गळीत हंगाम संपून कारखान्यात मशिनरी दुरुस्तीची कामे सुरू झाली आणि शिवारात सुरू उसाची मोठी बांधणी उरकली, की आपल्या गटात दुसरीच गडबड सुरू होते. वाघोली, केसनंद, वाडे बोल्हाई, लोणीकंद, फुलगाव या बाजूची मंडळी आषाढी वारीच्या तयारीला लागतात. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली. जिथे सऱ्या होत्या तिथे इमारती उभ्या राहिल्या. पण वारी सुटली नाही. उलट ज्यांची जमीन गेली तेच आता आधी नाव नोंदवतात, असं दिसतं. कोणी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघतो, कोणी पुण्याचा मुक्काम झाल्यावर हडपसरला गाठतो. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबाराय सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जातात.

या अंकात खरं तर बेणे प्रक्रियेवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या अंकी देतो. आज लिहायचं आहे ते वारीच्या सामानावर. शेतकी खात्याच्या माणसाला हा उद्योग कुणी सांगितला, असं काही सभासद म्हणतील. पण टनेज आणि वाहतूक हा आमचा रोजचाच विषय आहे, आणि दिंडीचा ट्रक भरताना बघितला की उसाची ट्रॉली बरी, असं वाटतं.

मंडळी सामान बांधतात ते मुक्काम मोजून. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. बोटं मोजून झाली की घरातून आवाज येतो, "एवढ्या दिवसांचं जायचं, सहा धोतरं तरी घ्या." झालं! सहा धोतरं, सहा बंड्या, दोन चादरी, डबाभर चकल्या, फरसाणाची पिशवी, स्टीलचं ताट, वाट्या आणि वर एक उशी. हा हिशोबच चुकीचा आहे. मुक्काम कितीही असोत, प्रत्येक मुक्कामाचं काम एकच असतं. पोचायचं, हातपाय धुवायचे, कपडे पिळून टाकायचे, जेवायचं, निजायचं आणि पहाटे उठून पुन्हा चालायचं. जेजुरीला जे लागतं तेच बरडला लागतं. म्हणून सामान किती मुक्काम आहेत यावर ठरवू नये. दोन मुक्कामांच्या मधे काय लागेल आणि एका रात्रीला काय लागेल, एवढंच बघावं. मग वारी आळंदीपासून अडीचशे किलोमीटरची असो की लोणी काळभोरपर्यंतची एक दिवसाची, वळकटी जवळपास तेवढीच राहते.

सामानाचे सरळ दोन भाग असतात. एक खांद्यावरचा आणि दुसरा ट्रकमधला. आपल्या लोकांचा घोटाळा होतो तो या दोन भागांच्या वाटणीत. जड वस्तू ट्रकमध्ये आणि हलक्या खांद्यावर, असं वजनावरून वाटून टाकतात. वाटणी वजनावर करायची नाही. ट्रक वेळेवर सापडला नाही तर ज्यावाचून अडेल ते खांद्यावर ठेवायचं, बाकीचं सगळं ट्रकमध्ये टाकायचं.

ट्रक वेळेवर सापडत नाही हे नव्या वारकऱ्याला पटत नाही. पुण्याहून सासवडला जायचा दिवस घ्या. चाल तीस किलोमीटरच्या घरात, आणि त्यात दिवे घाटाची चढण. पालखी घाटात असताना रस्ता वाहनांना बंद असतो, म्हणून दिंडीच्या गाड्या आधी तरी निघून जातात किंवा दुसऱ्या वाटेने फिरून येतात. सासवडला पोचल्यावर आपली राहुटी कुठल्या माळावर पडली आहे हे शोधण्यातच तास-दीड तास जातो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सभासदाच्या रक्तदाबाच्या गोळ्या ट्रकमधल्या पिशवीत होत्या. आदल्या रात्रीची गोळी राहिली होती, सकाळची घाईत राहिली. घाटात पाऊस लागला, अंगावरचं ओलं झालं. ट्रक सापडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि हे गृहस्थ त्याआधीच चक्कर येऊन आरोग्य पथकाच्या तंबूत पोचले होते. डॉक्टरांनी दोन दिवस चालायचं नाही म्हणून सांगितलं. पन्नास पैशाएवढ्या गोळीसाठी जेजुरीची वाट गाडीत बसून काढावी लागली, ही बोच त्यांना अजून आहे.

म्हणून खांद्यावरच्या पिशवीत पहिली वस्तू औषध. निदान दोन दिवसांचं, प्लॅस्टिकच्या पुडीत घट्ट बांधून, शिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. मधुमेह असणाऱ्यांनी जायच्या आधी डॉक्टरांना भेटून, रोज एवढं चालणार आहे हे सांगून, गोळीचं किंवा इन्सुलिनचं प्रमाण विचारून घ्यावं. चाल जास्त आणि जेवण उशिरा झालं की साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी पाहिजे. साखर तर आपल्या घरचीच आहे! इन्सुलिन मात्र ट्रकच्या तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये.

औषधानंतर पावसाचं मेणकापड. जाड रेनकोट नको. पाऊस काय तो बहुधा पुणे-सासवडपर्यंत. जेजुरी-वाल्ह्याच्या पुढे फलटण, माळशिरस हा कमी पावसाचा मुलूख, तिथे उन्हाचीच तक्रार जास्त. दोन दिवसांच्या पावसासाठी जड रेनकोट पंढरपूरपर्यंत वागवायचा म्हणजे शिक्षा आहे. मेणकापड घडी करून मुठीत मावतं, पाऊस नसला तर खाली अंथरायला होतं. त्याशिवाय एक पंचा, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि कागदावर लिहिलेले तीन मोबाईल नंबर : घरचा, दिंडीप्रमुखाचा आणि ट्रकच्या ड्रायव्हरचा. मोबाईलमध्ये नंबर आहेत, असं सगळेच सांगतात. मोबाईल भिजला किंवा उतरला की कुणालाही बायकोचा नंबर तोंडपाठ नसतो. पैसे सुट्ट्या नोटांत आणि बंडीच्या चोरखिशात. दागिना घरी. मूळ कागदपत्रं, पासबुकं घरी.

हे सगळं मिळून तीन किलोच्या वर जाऊ नये. पूर्ण लिटरची बाटली घेतली की त्यातला एक किलो पाण्याचाच झाला, आणि वाटेत टँकर जागोजागी असतात. पिशवी एका खांद्याला लोंबणारी असेल तर चार दिवसांत मान धरते. जुनी माणसं पडशी वापरायची ती उगीच नाही. अर्धं ओझं पुढे, अर्धं मागे. बैलगाडी मागे जड झाली की उलार होते आणि पुढे जड झाली की बैलाच्या मानेवर येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पडशी शिवून घ्यायला फार तर एक दिवस लागतो.

आता ट्रकमधलं. दोन कपड्यांचे जोड पुरतात, एक अंगावर आणि एक पिशवीत. फार तर तिसरा. धुण्याची सोय मुक्काम बघून लावावी. पुणे आणि सासवड इथे माउलींचा दोन-दोन रात्रींचा मुक्काम असतो, तिथे सगळं धुऊन वाळतं. नीरा नदीवर पादुकांचं स्नान होतं तेव्हा आपलंही स्नान आणि धुणं होऊन जातं. (नीरा ओलांडली की लगेच पाडेगाव. १९३२ पासूनचं ऊस संशोधन केंद्र इथलंच. को ८६०३२ लावणाऱ्या आणि फुले २६५ लावणाऱ्या दोघांनीही तिकडे एक नमस्कार करून पुढे जायला हरकत नाही.) सुती जाड धोतरापेक्षा पातळ धोतर लवकर वाळतं. भगिनींनी नऊवारीचे तीन-तीन नग नेऊ नयेत. ओलं लुगडं वळकटीत गेलं की तिचं वजन दुप्पट होतं आणि शेजारणीची चादरही ओली होते. एक नऊवारी आणि एक हलकी सहावारी एवढ्यात भागतं, असं अनेक वर्षं जाणाऱ्या भगिनींचंच सांगणं आहे.

आणखी एक. घरधन्याच्या गोळ्या, चष्मा, पैसे हे सगळं बाईच्या पिशवीत टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. तिच्या डोक्यावर आधीच तुळस असते. गर्दीत दोघांची चुकामूक झाली तर तिच्याकडे दोघांचं ओझं आणि याच्याकडे काहीच नाही. ज्याचं त्याने वागवावं.

अंथरायला एक घोंगडी आणि पांघरायला एक चादर. उशीच्या जागी कपड्यांची घडी. एक ताट, एक तांब्या, बस्स. खाण्याचे डबे नकोच. या वाटेवर कुणी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही. गावोगाव पिठलं-भाकरी, चहा, केळी घेऊन लोक उभे असतात. चपला शिवून देणारे, दाढी करणारे, पायांना तेल लावणारे फुकट सेवा देतात. चपला मात्र वापरातल्याच न्याव्यात. नवी चप्पल घालून निघालेला माणूस सासवडला फोड मोजत बसतो.

ओझं वाढतं त्याचं एक कारण हे दानच आहे. पुण्यात कुणी टोपी देतो, कुणी पिशवी, कुणी बिस्किटाचे पुडे, कुणी छत्री. नाही म्हणणं जिवावर येतं, आणि फुकटची वस्तू सोडवत नाही. हडपसरला पोचेपर्यंत निघतानाच्या वजनात दोन-तीन किलोंची भर पडलेली असते. घ्यायला हरकत नाही, देणाऱ्याचा मान राहिला पाहिजे. पण घेतलेलं दुसऱ्या दिवशी चालण्याआधी ज्याला नाही त्याला देऊन टाकावं.

ट्रकची पिशवी आठ किलोंत बसवावी, हे माझं मत. दीडशे माणसांच्या दिंडीत प्रत्येकाने पाच किलो जास्त आणलं तर साडेसातशे किलो झाले, म्हणजे पाऊण टन. तो पाऊण टन रोज चढवायचा, रोज उतरवायचा, आणि तेही दिवसभर चाललेल्या चार पोरांनी. १८३२ साली हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा आजच्या स्वरूपात सुरू केला, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं दिंड्यांचं सामान बैलगाड्यांतून जायचं. बैल चढणीला बसला की ओझं जास्त झाल्याचं सगळ्यांना आपोआप कळायचं. ट्रक बसत नाही, म्हणून आपणही हात आवरत नाही. आपल्याच फडातल्या तोडणी मजुरांकडे बघा. बीडकडून पाच-सहा महिन्यांसाठी येतात, या फडातून त्या फडात हलतात, आणि कोयत्यापासून चुलीपर्यंत सगळा संसार तासाभरात गाडीत भरतात. त्यांच्यावर ती वेळ गरिबीने आणली आहे, त्याचं कौतुक करू नये. पण सामान बांधण्याची रीत त्यांच्याकडून जरूर शिकावी.

पिशवीची खूण हा विषय छोटा, पण भांडणं त्यावरूनच होतात. आपल्या लोकांच्या निम्म्या पिशव्या म्हणजे धुतलेल्या युरियाच्या गोण्या, सगळ्या एकाच छापाच्या. कंदिलाच्या उजेडात कोणती कुणाची? तोंडाला रंगीत चिंधी बांधावी आणि ठळक अक्षरांत नाव, गाव, दिंडी क्रमांक लिहावा. औषधांच्या, कीटकनाशकांच्या पिशव्या धुऊनही वापरू नयेत. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, एवढा जनसागर गप्प होतो आणि हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. नाव असलेली वस्तू तिथून परत मिळते. बिननावाच्या गोणीचा पुकारा करून उपयोग काय?

परतीसाठी पिशवीत जागा ठेवावी. चुरमुऱ्याचा प्रसाद हलका असतो, पण जागा फार खातो. पंढरपुरात घोंगडी घ्यायचा विचार असेल तर इथून जुनी न्यावी आणि तिथे कुणा गरजूला द्यावी.

आता माझ्या खात्याचं थोडं. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. आडसाली लागणीचा हंगाम जुलै ते १५ ऑगस्ट असा आहे. एकादशी उशिरा असेल त्या वर्षी परत येईपर्यंत लागणीची घाई होते. तेव्हा रान तयार करणं, सऱ्या काढणं, बेणेमळ्यातलं नऊ-दहा महिन्यांचं बेणं सांगून ठेवणं ही कामं निघण्याआधी उरकावीत, आणि लागणीच्या नोंदीचं घरात कुणाला तरी समजावून जावं. चिटबॉय घरी येतो तेव्हा म्हातारी म्हणते, मालक वारीला गेले, मला गट नंबर ठाऊक नाही.

प्रस्थानाच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ ते अकरा वाघोलीच्या गट कार्यालयात खताचा छोटा काटा मांडून ठेवणार आहोत. वारीला जाणाऱ्या सभासदांनी आपली पिशवी आणि पडशी भरून आणावी. वजन करून देऊ. जास्त भरेल ते तिथल्या तिथे काढून घरी परत न्यायला एक रिकामी पिशवी बरोबर असू द्यावी.

— ऊस विकास अधिकारी